कोरडा बर्फ

हॅलो?… हो, आरमोरी. डॉक्टरांचंच घर… नाही, डॉक्टर नाहीत. मी त्यांची मुलगी… अगं, कमळा तू होय? मला वाटलं कोणी पेशंट… हो ना, अजून येतात फोन. मी सांगते, डॉक्टर गेले. लोक म्हणतात, बरं, मग संध्याकाळी करतो.

…मी बरी आहे. आई… आहे. सांगते. आधी तू सांग, खुशालनं तुला काय कळवलं?… गाडी दुरुस्त करतोय?… नाही गं. दुरुस्त नाही, हलकी. हलकी करून राहिला… वजनानं, आणखी कशानं?

अगं ऐक ना. चंद्रपूरच्या कुठल्याशा क्लबानं शर्यत काढली आहे. चंद्रपूर ते आलापल्ली. तीत हा उतरणार… बाबांची फियाट घेऊन. दुसरी कोणती आहे आपल्याकडे?… नागपूरला दाताच्या डॉक्टरकडे बसला होता, तिथं इंग्रजी मासिक चाळलं. गाडीच्या तळाला खालून अन् आतून डांबराचा थर असतो ना, गंजू नये, आवाज येऊ नये म्हणून… हां, तो काढला की गाडी पळते म्हणे… हो, बाबांनी लावलेलाच. अन् त्यावरचा नमदा, ते जाड लोकरी अस्तर पण… सगळा.

…म्हटलं ना मी. म्हटलं, खुशाल, तू स्वतः पंच्याण्णव किलो. एक वेळचा भात सोड, गाडी आपसूक पळेल. तर म्हणतो, 'ताई, तुले टेक्निकल समजत नाई.'

काढलं कसं, तेच तर सांगते. मासिकात लिहिलं होतं, 'ड्राय आइस' ठेवा. म्हणजे वायू गोठवून करतात तो, पाणी नसतंच त्यात. मी नंतर पुस्तकात पाहिलं. तो ठेवला की डांबर कडक होतं अन् हातोड्यानं ठोकलं की तडकून निघतं. आपल्या भावानं त्याचं मराठी केलं, कोरडा बर्फ. अन् गेला बर्फाच्या कारखान्यात. 'कोरडा बर्फ द्या.' कारखानेवाला म्हणाला, 'कोरडाच देतो भाऊ, एक थेंब गळणार नाई.'… अगं, धानाच्या भुशात गुंडाळून दिला. लग्नाच्या सरबताला देतात तसा.

हसू नको, पुढं ऐक… मे महिना, अंगणात ऊन. बर्फ ठेवला गाडीत. हा हातोडा घेऊन उभा, सुकलू मिस्त्री छिन्नी घेऊन उभा. बर्फाचं झालं पाणी. डांबर उन्हानं आधीच शिऱ्यासारखं. खुशालनं हातोडा मारला, तो रुतला. काढायला सुकलू आत गेला, तो रुतला. अन् भुसा सगळा डांबराला चिकटला. तळाला एक बोटभर थर. आता धानाची रोवणी तेवढी बाकी आहे.

…अगं, वजन केलं ना. भैयाजींच्या राइस मिलच्या काट्यावर. आधीपेक्षा जास्त भरलं. भैयाजी म्हणाले, 'खुशालभाऊ, गाडी माहेरी जाऊन आली का? अंग धरलं तिनं.'

हॅलो?… हो, वाढवा, आणखी तीन मिनिटं वाढवा ऑपरेटरसाहेब… हां, बोल.

…नाही, हरतो कुठला. मग घासलेट आणलं. अन् माझ्या स्वयंपाकघरातला सराटा… पोळ्या उलटायचाच. आठ दिवस गाडीखाली उताणा पडून खरवडत होता. आमच्या पोळ्यांना अजून घासलेटचा वास आहे. डांबर गळून डोक्यात गेलं. केस सुटेचनात, शेवटी न्हाव्याकडून सफाचट केलं. आता बाजारात लोक धास्तावून विचारतात, 'घरी आणखी कोण गेलं?' बाबा गेले तेव्हा आपल्यात कोणी मुंडण केलं नाही, कमळा. डांबरापायी झालं.

…झाली हलकी. अर्ध्या पोत्यानं. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला सगळे म्हणत होते बघ, डॉक्टरांचं गावात वजन होतं. ते तर आपोआप गेलं. हे मात्र खरवडावं लागलं.

काय?… गंजाचं नाही गं. गंजली तर गंजली… तुला काय वाटतं, बाबांनी तो नमदा गंजासाठी घातला होता?… नाही. तू होस्टेलला होतीस तेव्हा. आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज बसला तो बसलाच. घरात कळायचं तिचं बोलणं, गाडीत काही कळेना. बाबा आपले, 'काय? काय म्हणालीस?' दोनदा सांगायची, मग गप्प बसायची. म्हणून त्या उन्हाळ्यात बाबांनी सगळा तळ मढवून घेतला. दारांच्या आतूनसुद्धा नमदा चिकटवला. मग कुरखेड्यापर्यंत दोघं बोलत जायचे… काय बोलायचे मला काय माहीत? मी मागं झोपलेली असायची.

…खुशालला? त्याला वाटलं, बाबांची हौस.

आता ऐक. परवा आईला मावशीकडे न्यायचं होतं, कुरखेड्याला. बाबा गेल्यावर पहिल्यांदा बाहेर पडली ती… त्याच गाडीतून. मी मागं. अगं, टिनाच्या पिंपात गोटे घालून उतारावरून सोडलं तर काय होईल, तसं. बाबा थांबायचे ते मोहाचं झाड आठवतं? नाल्याजवळचं?… हो, थर्मासातला चहा घ्यायचे ते. ते दिसलं तशी आई म्हणाली, 'थांब.' मी ओठ पाहिले म्हणून कळलं. हा ओरडला, 'काय?' आई पुन्हा म्हणाली, 'थांब.' हा म्हणतो, 'लांब? नाई आई, आता लांब नाई.' अन् दाबली गाडी.

…मी ओरडले ना. मागून त्याच्या खांद्यावर मारलं. त्याला वाटलं, मला वेग आवडला.

…नाही, मग ती नाहीच बोलली. येतानाही नाही. घरी आल्यावर मी त्याला सांगितलं, ती काय म्हणत होती, अन् नमदा कशासाठी होता… जेवला नाही. तेव्हापासून आई त्याच्याशी बोलत नाही अन् हा कोणाशीच नाही. मघाशी सुकलूला विचारत होता, तो नमदा कुठी टाकला. सुकलू म्हणे, 'भाऊ, तुम्हीच त जाळाले सांगतलं.'

शर्यत?… रविवारी आहे. जाणार की नाही, मी नाही विचारलं.

…तू झापणार? झाप. बोलावते. थांब हं, खिडकीतून बघते, अंगणातच होता… हो, गाडीत बसला आहे. स्टिअरिंग धरून… नाही, चालू नाही केली. नुसताच…

थांब जरा.

…नाही, काही झालं नाही. आई बाहेर गेली आहे. गाडीकडे. दार उघडलं तिनं… बसली. पुढं. आपल्या जागेवर… अगं, थांब ना.

…बोलते आहे. आई बोलते आहे त्याच्याशी. त्यानं डोकं खाली केलं आहे, ते तुळतुळीत… काय म्हणते ते मला इथून कसं कळणार, कमळा? मला नाही ऐकू येत…

त्याला येतंय. गाडी बंद आहे ना.

…नाही, आता नाही बोलावत त्याला. तू उद्या कर… हो. ठेवते.

हळूच ठेवते.