वाणात आलेलं सोनेरी हरीण

ऐका हो मंडळी! दारू घरात शिरते कुठून? बाटलीतून म्हणता? मग बाटली दाराबाहेर ठेवली की घर वाचलं — असंच ना? बघू या!

एका गावात वसंता झगडे नावाचा सुतार. हातात कसब केवढं! पण सगळं दारूपायी वाया. दोन वर्षांपूर्वी त्यानं गळ्यात माळ घातली आणि दारू सोडली. बायको सुलभा म्हणाली, सुटलो बाई एकदाचे!

आली संक्रांत. शेजारच्या शकुंतलाकाकूंनी हळदीकुंकवाला वाण काय दिलं? काचेचे ग्लास! जाड बुडाचे, वर सोनेरी हरीण! काकूंच्या भावाचं परमिट रूम — दारू कंपनीनं त्याला आपल्या छापाच्या हरणाचं खोकंच फुकट दिलेलं. काकू म्हणाल्या, हरीण किती गोड आहे! हसू नका, तुम्हीही घेतले असते! अहो, दारूच्या जाहिरातीला बंदी, पण हरणाला कोण अडवणार? आलं हळदीकुंकू लावून घरात!

सुलभा कौतुकानं वसंताला त्यातच पाणी देऊ लागली. आठ दिवस गेले. एका संध्याकाळी बघते तर — पाणी संपलं, तरी हा ग्लास सोडेना! अंगठा हरणावरून फिरतोय. आणि म्हणतो कसा, "शेंगदाणे आहेत का गं, खारे?"

तिच्या काळजात चर्र झालं! खारे शेंगदाणे हा कशाबरोबर मागायचा, तिला ठाऊक होतं.

"अहो, काय होतंय तुम्हाला?"

वसंतानं लपवलं नाही. "पाणीच पितोय गं. पण हा हातात आला की जीभ दुसरंच मागते. काल परमिट रूमच्या दारातनं परत आलो."

सुलभानं ग्लास उचलला. पण सवाष्णीनं ओटीत घातलेलं वाण — फोडायचं? केवढा अपशकुन! मग तशीच अंगणात गेली आणि धोंड्यावर आपटला — खळ्ळ!

"माझं सौभाग्य या काचेत नाही, तुमच्यात आहे! घ्या, तांब्यानं प्या!"

वसंता घटाघटा प्यायला आणि ढसाढसा रडला. त्या वळणाला तो पुन्हा गेला नाही.

माना डोलावताय? छान! आता जरा इकडे बघा. माझ्यापुढे तुम्ही पाणी ठेवलंय — या ग्लासवर काय आहे? पुढे बसलेले काका, सांगा मोठ्यानं! हरीण!

का हो, आता का हसत नाही? कुणाच्या घरचा ते मी विचारत नाही. घरी जाऊन आपापलं फडताळ उघडा, म्हणजे कळेल. आणि तोवर मला एक तांब्या आणा — घसा कोरडा पडलाय!