नाना आहेत का?

जानेवारी १९८६. अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या पोस्टात शनिवारची रांग. माझ्या पुढे एक मराठी जोडपं उभं होतं.

“अहो, किती वेळा घड्याळ बघाल? फोनपाशी आई बसल्यात ना?”

“आईच आहे म्हणून तर काळजी! ऑपरेटरने ‘नाना आहेत का’ विचारलं तर आपण जिंकलो, ‘आप्पा’ विचारलं तर हरलो. दोन्ही वेळा ‘घरी नाहीत’ म्हणायचं; ज्याच्या नावाने कॉल लावला तो घरी नसला की कॉल फुकट.”

“तुम्ही डॉक्टर, तिकडे इंग्लंडमधला तो शैलेंद्र डॉक्टर, आणि मॅचचा निकाल फुकटात! तोही चौथ्या डिव्हिजनमधल्या तळाच्या फुटबॉल टीमचा. सीझनभर नुसते आप्पाच येतायत.”

“ते लीगमध्ये, रेखा. कपमध्ये दोनदा नाना आलेत! त्या गावात चार वर्षं काढली आपण, पावसात उभं राहून मॅचेस बघितल्या. आणि आज समोर फर्स्ट डिव्हिजनवाले आहेत गं.”

“जा, तिकडे पे फोन आहे. मी नंबर धरते.”

तो गेला आणि जवळजवळ पळतच परत आला.

“कोण? नाना की आप्पा?”

“‘नाना-आप्पा’ आहेत का म्हणे!”

“दोघं एकदम?”

“अगं, बरोबरी! फर्स्ट डिव्हिजनवाल्यांना रोखलं आपल्या पोरांनी! बरोबरीचं काही ठरवलंच नव्हतं आम्ही. शैलेंद्रने काय डोकं चालवलं! आता बुधवारी पुन्हा मॅच, त्यांच्या ग्राउंडवर.”

“आणि आई? गोंधळल्या असतील बिचाऱ्या.”

“छे! ऑपरेटरला म्हणाली, ‘बोथ नॉट होम. कॉल वेन्सडे.’”