तीन फोटोंचं पाकीट

(चष्म्याचं दुकान, दुपार. मुलगी डोळे तपासायच्या खुर्चीत. बाप तिच्यासमोर भिंगं बदलतोय.)

बाबा: हं, हे स्पष्ट की आधीचं?

मुलगी: आधीचं. बाबा, पाकिटात फोटो किती होते?

बाबा: खालची ओळ वाच.

मुलगी: ओळ दिसतेय मला. फोटो किती होते?

बाबा: दाखवला की तुला.

मुलगी: दाखवलात एक. आले किती?

बाबा: तुझं आपलं काहीतरीच. मान हलवू नकोस.

मुलगी: सकाळी लग्नं जुळवणाऱ्या मावशींचा फोन होता. म्हणाल्या, तिघांपैकी कोण पसंत पडला? मी म्हटलं, विचार करून सांगते. तुमच्यासाठी थाप मारली.

बाबा: मावशींचं वय झालंय आता.

मुलगी: एकाचे तीन करण्याइतकं?

बाबा: बरं, होते तीन. पण आपल्या युनिफिकेशन चर्चच्या मंडळीत स्थळ आईबापांनीच निवडून पुढं करायचं असतं. तुझ्या आईचा फोटो मला दुसऱ्यांनी दिला. मी चकार शब्द काढला नाही. झालं ना सगळं छान?

मुलगी: आईला विचारून सांगते.

बाबा: आगाऊ.

मुलगी: दर रविवारी तुम्हीच शिकवता, आधी प्रेम, अधिकार त्याच्या मागून. देवाचासुद्धा. मग आपल्या घरात अधिकार एवढा पुढं कसा पळाला?

बाबा: प्रेमच आहे गं ते.

मुलगी: मग दोघांना लपवलंत कशाला?

बाबा: एक अगदीच पोरकट. दातांच्या डॉक्टरकडं बसल्यासारखा हसतो.

मुलगी: आणि दुसरा?

बाबा: डावा डोळा झाक.

मुलगी: गिऱ्हाइकाला कधी म्हणता का, तुम्हाला ह्याच भिंगातून स्पष्ट दिसतंय म्हणून? त्याचं त्याला सांगू देता. दुसरा कसा आहे?

बाबा: चांगला आहे. बहिऱ्या मुलांना शिकवतो. सोबत पत्र होतं, तुझ्या नावाचं.

मुलगी: तुम्ही वाचलंत?

बाबा: दोनदा. खोट काढायला बसलो होतो, सापडली नाही.

मुलगी: मग?

बाबा: विमानानं नऊ तासांवर राहतो. तुला दाखवला त्याचं घर इथून चालत दहा मिनिटं.

मुलगी: म्हणजे मुलगा नाही, अंतर पसंत केलंत.

बाबा: मला करमायचं नाही गं तुझ्याशिवाय.

मुलगी: हे आईला माहीत आहे?

बाबा: नाही. तिलाही एकच दाखवला.

मुलगी: पत्र कुठंय?

बाबा: त्या खणात. जुन्या फ्रेमांच्या खाली. ही घे किल्ली.

मुलगी: पाकीट आल्यापासून चाळीस दिवस पहाटे उठून प्रार्थनेला बसलात. मी आईला म्हणायचे, हळू बोल, बाबा माझ्यासाठी देवाला विचारतायत.

बाबा: माझं पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

मुलगी: मग चाळीस दिवस मागत काय होतात?

बाबा: तू विचारू नयेस, एवढंच.