चाचांची टाचणी

माझा हॅम रेडिओ जुन्या कॉम्प्युटरच्या ज्या पॉवर सप्लायवर चालतो ना, तो हातात घेऊन मी भंगारवाल्या युसूफचाचांशी चक्क भांडायला गेलो होतो.

"चाचा, तुम्ही दिलेला डबा मेलेलाय!"

चाचांनी डब्याचा प्लग लावला, टाचणी वाकवून त्याची हिरवी वायर काळीला जोडली. डब्यातला पंखा गरगर फिरायला लागला.

"सर, मरा नै, सोया है. हुकूम मिले बिना उठता नै."

आणि मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो! तेवढ्यात जुना मिक्सर विकायला आमच्या प्राचार्य मॅडम आल्या.

"अरे वा! चाचा, हे कुठं शिकलात?"

माझ्याकडं न बघता चाचा म्हणाले, "सरने अब्बीच सिखाए."

तेव्हापासून दरवर्षी माझ्या वर्गात पॉवर सप्लायचा धडा आला, की खडू चाचांच्या हातात असतो आणि मी पहिल्या बाकावर.