बिनवायरीचा, सेलवरचा

आन् हा? हा धरून बगू का — न्हाई, कसा धरायचा ते नका सांगू, ते मला ठाऊक हाय, दोन वर्सं मी त्येच बगत आले. मला एक रबर द्या. रबर ओ, नोटांच्या पुडक्याला लावता तो. हां. दोन द्या, एकानं भागत न्हाई. आता ही तीन बोटं — मधलं, त्याच्या पल्याडचं आन् करंगळी — अशी आत दुमडायची आन् वरनं रबर. डावाच हात. आवळंना का, आवळू द्या. आता सांगा, ऱ्हायलं काय? अंगठा आन् त्याच्या शेजारचं एक. एवढ्यावर जो रिमोट हातात ऱ्हाईल तो मला पायजे. हसला तरी चालंल भाऊ, मगाशी त्या कोपऱ्यावरच्या दुकानातला हसलाच. पन्नाशीची बाई, डोक्यावर पदर, आन् गेमचा रिमोट मागती — आळेफाट्यावर त्यानं पयल्यांदाच बगितली आसंल. हसल्यानं काय अंगाला भोकं पडत न्हाईत.

माझ्यासाठी न्हाई ओ. भाचीसाठी, भावाच्या पोरीसाठी. श्रेया नाव, नववीला हाय. मी सोनीबाई — आळ्याच्या पल्याड आमचा मळा, गेणभाऊंची बहीण. बावीस वर्सं भावाच्याच घरी हाय मी, मालक गेले तवा भाऊ न्यायला आला, तवापासनं. हनीफभाईंचंच दुकान ना हे? मंग तुमी दानियाल. तुमच्या वडलांनी आमचा रेडू दोनदा नीट केलाय, दोन्ही येळंला म्हणले, आता फेकून द्या. अजून वाजतोय. कसे हायेत? बरं. बरं. सांगा, आळ्याच्या गेणभाऊंच्या घरचं कोण आलं व्हतं म्हणून — न्हाईतर नका सांगू. ऱ्हाऊ द्या.

हा निसटतो बगा. दिसतो देखणा, पण बुडाला गुळगुळीत. आवो, ही तीन बोटं त्याला खालनं धरत्यात, आपल्याला कळत न्हाई इतकंच. ती नसली की सगळा भार अंगठ्यावर येतो, आन् अंगठ्यानं तर दांडी फिरवायची, गाडी वळवायची. मंग रिमोट मांडीवर टेकायचा. टेकला तर वायर त्याला खाली वढती. वढली की पडला. ती उचलती, परत पडतो. चारदा उचलती, पाचव्यांदा म्हणती, आत्या, बंद कर. म्हणून बिनवायरीचा. तुमी म्हणाल वायर लांब घ्या — घेतली व्हती. वायरीचं निराळंच हाय तिचं. भिंतीतनं निघालेली वायर तिला हातात नको. टीव्हीला लावायची गेमची पेटी मी चालू करते, ती उंबऱ्याच्या भायेर हुबी ऱ्हाती, टीव्हीवर चित्र आलं की मंग आत. रिमोटची वायर पेटीत, पेटीची वायर भिंतीत — म्हंजे आपण भिंतीलाच बांधल्यागत, असं म्हणती. दंडापातूर मुंग्या येत्यात म्हणती.

बोटं गेली ती? कडबाकुट्टीत, चारा तोडायच्या मशिनीत. हां. दसऱ्याच्या आधी, आता पाचवा म्हईना लागला. वाढं अडकलं व्हतं, उसाचं, ते काढाया हात घातला आन् लाईट आली. बटण चालूच ऱ्हायलेलं. पोरच ती, इसरली बंद करायला. व्हतं असं. सगळ्यांना हेच सांगतो आमी, आन् सगळी म्हणत्यात, नशीब, हात वाचला. नशीबच म्हणायचं. नारायणगावच्या डॉक्टरीणबाईनं शिवलं, चांगलं शिवलं, तिला नावं न्हाई ठेवणार मी. ती म्हणली, ऱ्हायलेली बोटं हालती ठेवा, न्हाईतर ताठतील. रबराचा चेंडू दिला दाबायला. श्रेयानं तो गव्हाणीत टाकला. दिवसभर हात ओढणीत. शाळंत ओढणीत, जेवताना ओढणीत. एक त्या गेमपुढंच बसली की हात भायेर येतो, तिचा तिलाच ठाऊक नसतो आल्याला. मला तेवढंच कळतं. भाऊ म्हणतो, गेम कसली, पोरीच्या जातीला. वयनी काय म्हणतच न्हाई. मी म्हणले, मी बगते.

ह्याला आत काय हाय, जड का हाय हा — बाई गं! ... काय झालं ह्याला? थरथरला. हातातच थरथरला. मुद्दाम करत्यात व्हय? गाडी धडकली की कळावं म्हणून? ठेवा. ठेवा तो तिकडं, डब्यात घाला. बंद करता येतं म्हणता, पण कधी चुकून चालू ऱ्हायलं तर? नको. घाबरले न्हाई मी. मला हल्ली काय व्हत न्हाई. दवाखान्यात वयनी रडली, भाऊ रडला, मी किटलीतनं सगळ्यांना चहा वतला. तवापासनं तसंच हाय. वस्तू हातातनं पडली तर बगते, पडली म्हणून. रबर काढू म्हणता? बोटं पांढरी पडली व्हय? दुखत न्हाई ओ. अजून दोन ऱ्हायलेत बगायचे, त्ये झालं की काढू.

हा हलका हाय. खाली खरबरीत हाय, हे बेस. ह्याचं बटण त्याला देता येतं म्हंजे काय? म्हंजे डाव्या हाताचं काम उजव्याकडं टाकायचं? थांबा, परत सांगा. हे मागलं डावं बटण — त्याचं काम ह्या उजव्या दांडीखालच्याला. आन् ते रिमोटच्याच ध्यानात ऱ्हातं? दर येळंला सांगाया नको? हे चांगलं केलं कुणी केलं ते. उजवा हात सगळा धड हाय तिचा, त्यो करंल दोघांचं. घरातपण तसंच असतं, एकाचं दुसऱ्यानं करायचं. आन् कॉम्पुटरला? आवो, आमच्या घरी टीव्हीची पेटी, ती मामानं दिलेली, जुनी. सुट्टीत भोसरीला जाती मामाकडं, तिथं कॉम्पुटर, तिथं स्वराज — मामाचा पोरगा, एकाच वयाची दोघं. आधी त्याला हरवायची ही. आडवी-तिडवी हरवायची, तो रुसून जेवायचा न्हाई. दिवाळीला गेली तर म्हणली, माझं डोकं दुखतंय, आन् कोपऱ्यात बसून ऱ्हायली. म्हणून मी म्हणते, हाताला एकदा एका वस्तूची सवय लागली की तीच वस्तू सगळीकडं चालाया पायजे. इथं एक, तिथं एक, तर परत पयल्यापासनं शिका. दोन्हीला चालतो? हा बारका तुकडा काढून तिकडं लावायचा. बरं. आन् हे हवेतनं जातं — ते खोडदच्या त्या मोठ्या छत्र्यांत तर न्हाई ना शिरायचं? न्हाई, आपलं इचारलं. ते शास्त्रज्ञ ताऱ्यांचं ऐकत बसलेत आन् मधीच आमच्या श्रेयाची गाडी. ... हां, हसलात. मी पण हसले आसते.

चार्जिंगचा नको. त्याला परत वायर. सेलवरचा हाय हा? दोन सेल, घड्याळात घालतो तसले? मंग हाच. सेल मी घालीन. ह्याला बटण कुठं, चालू-बंद करायचं? एवढंसं? ते बंद करायचं ऱ्हायलं तर सेल — काय म्हणलात?

आपोआप? दहा मिनिटं कुणी हात लावला न्हाई तर आपोआप बंद पडतो? म्हंजे माणसानं चालू ठेवला तरी? ... आसं असतं व्हय.

न्हाई, काय न्हाई. बसते जरा. ह्या खोक्यावर बसले तर चालंल ना. एवढ्याशा खेळण्याला त्यांनी केलंय बगा. खेळण्याला. आन् कुट्टीला — आमच्या कुट्टीला नव्हतं आसलं काय. आता कुट्टीच न्हाई, भावानं भंगारात घातली, कोयत्यानं तोडतो आता, चार गाया हायेत, घाम निघतो. मी एकदा म्हणले, मी तोडते, तर म्हणला, तू ऱ्हाऊ दे, तू लई केलंस श्रेयाचं. लई केलंस म्हणला.

तुमी सांगा मला, तुमच्याकडं लाईट गेली तर तुमी बटणं बंद करता? न्हाई ना. कोण करतं? सहा-सहा तास लाईट न्हाई, कवा यायची पत्ता न्हाई, मंग एक बल्ब चालू ठेवायचा, पेटला की कळतं, आली. आमच्या गोठ्यातला बल्ब उडाला व्हता. चार दिस झाले व्हते, आज आणू, उद्या आणू. त्या दिवशी श्रेया आन् मी, दोघी वाढं तोडीत व्हतो. मधीच लाईट गेली. तिनं बटण बंद केलं. हां. बंद केलं तिनं, मी बगितलं, खट्दिशी आवाज झाला. शाळंत शिकवत्यात ना तसलं, शहाणी हाय ती. मी म्हणले, जा, चहा पी. ती गेली. आन् मी बटण परत पाडलं, चालू केलं. म्हणले, चुलीपाशी आसले तरी कुट्टीचा आवाज येईल, लाईट आलेली कळंल, उरलेलं उरकून टाकू. बल्बच्या जागी कुट्टी. एवढाच इचार केला, त्याच्यात वाईट काय व्हतं सांगा — आन् तिला सांगाया इसरले आसं न्हाई, सांगायचं सुचलंच न्हाई. ती चहा पिऊन परत आली. आत्याला काम पडू नये म्हणून अडकलेलं काढाया बसली. मी चुलीपाशी व्हते. आवाज आला. पयल्यांदा माझ्या मनात काय आलं ठाऊक हाय? आलं, की लाईट आली. बरं झालं, आली. मंग तिचा आवाज आला.

दवाखान्यात भूल उतरली तवा मीच व्हते उशाशी. डोळं नीट उघडलं पण नव्हतं आन् इचारलं तिनं, आत्या, मी बटण बंद केलं व्हतं ना गं? मी म्हणले — मी म्हणले, इसरली आसशील.

एवढंच. तीन शब्द बी न्हाईत. कुणी शिकवलं नव्हतं, तोंडातनं गेलं. मागनं भाऊ आला, त्यानं ऐकलं, कपाळावर हात मारून घेतला, म्हणला, डोकं कुठं व्हतं तुझं? तिला म्हणला. ती म्हणली, चुकलं पप्पा. मी तिथंच उभी. भावानं मला हाकलली आसती आसं न्हाई ओ, तसा न्हाई तो. बावीस वर्सांत एकदा वाकडं बोलला न्हाई. पण त्यानं माझ्याकडं कसं बगितलं आसतं, ते मला — तेवढ्यासाठी.

आन् आता ती काय करती सांगू? दार लावती आन् परत येऊन बगती, लावलं का. नळ बंद करती, परत बगती. दप्तरात वही घातली का, तीनदा. आन् मला इचारती. आत्या, मी केलं ना? आत्या, तू बगितलंस ना? तिला वाटतं तिच्या डोळ्यांना खरं दिसत न्हाई. बंद केल्यालं तिला चांगलं आठवतं, आन् सगळी म्हणत्यात न्हाई केलं. मंग पोरगी इस्वास ठेवणार कशावर? बोटं गेली ती मशिनीनं नेली. हे मी नेलं.

थांबा, फोन वाजतोय. पिशवीत हाय. तिचाच. वयनी डेअरीला गेली आसंल, एकटी हाय घरी. हॅलो. हां बाय. आळेफाट्याला हाय गं, दुकानात. ... गॅस? तू बंद केलास ना? ... बगितलंस? परत बगितलंस? मंग बंद हाय. ... आगं मी इथनं कसं सांगू? ... न्हाई, इसरली न्हाईस तू. तू बगितलंस ना, मंग तेच खरं. ऐकायला येतंय का? तू बगितलं तेच खरं आसतं. ... रडू नको. श्रेया. ऐक. त्या दिवशी पण तू बंद केलं व्हतंस. कुट्टीचं. तू बंद केलं व्हतंस बाय, खट्दिशी, मी बगितलं. तू चहाला गेल्यावर मी परत पाडलं. मी. तुला म्हणले इसरली आसशील, ते खोटं व्हतं. तू काय इसरली न्हाईस. कायच इसरली न्हाईस तू. ... हॅलो?

श्रेया?

दानियालभाऊ, हे बगा वाईच, मला चष्म्याबिगर दिसत न्हाई — कट झाला का? न्हाई? आकडं पळत्यात अजून? म्हंजे ती हाय. हाय ना? श्रेया, बोल काय तरी. शिव्या दे. ... तो दुकानातला टीव्ही बारीक करा ओ. न्हाई, बंदच करा.

न्हाई, रिमोट खोक्यात नका घालू आता. पाणी बी नको. तुमी जावा तिकडं, दुसरं गिऱ्हाईक बगा. मी फोन धरून बसते. आकडं पळत्यात तवर मी हितंच हाय.