वाळलेला मारुती

हसू नका बे, चौसाळ्याच्या तालमीबाहेर भिंतीवरचा तो वाळलेला मारुती मीच काढलाय. वस्ताद म्हणले होते, "अंग पैलवानाचं पायजे." पण एक पैलवान घडीभर नीट उभा राहील तर शपथ. मग न्हाव्याचा आरसा आणला, लंगोट लावला, गदा म्हणून खांद्यावर मुसळ घेतलं आन् स्वतःलाच बघून देव रंगवला, हैदराबादेहून आणलेल्या रंगात.

शनिवारी तेल वाहायला आलेली म्हातारी म्हणली, "देवाला हिवताप आलता का?"

मी वस्तादांना म्हणलं, "पुसून टाकतो."

वस्तादांनी भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "देव पुसत न्हाईत. उद्यापासनं तालमीत ये आन् तूच त्याच्यासारखा हो, जसा तो असायला पायजे होता."

तीन सालं जोर काढतोय, दूध पितोय. काल वस्तादांनी पुन्हा दोघांकडं बघितलं आन् म्हणले, "चित्र मात्र हुबेहूब काढलंस."