अर्बाबाने उचललेली बाजू

२०२३ चा उन्हाळा. ओमानमधल्या इब्र्यात खजूर उतरवायचे दिवस. मी कपडे शिवतो त्या दुकानाचा मालक, आमचा म्हातारा अर्बाब, म्हणाला, "मास्तर, तू शिवतोस ते मशीन तुला दिलं. आजच घरी ने."

मी म्हटलं, "फुकटचं मी घेत नाही. आणि एवढी घाई? वारशावरचा कर चुकवायचाय?"

"इथे तसला कर नाही. पण मी गेलो की सगळं मुलांच्या वाटणीत जाईल. मग तू शिवणार कशावर? दिलेलं ताब्यात घेतलं तरच ते तुझं. यल्ला, उचल."

मी हललो नाही. तेव्हा ऐंशीच्या त्या माणसाने स्वतः एक बाजू उचलली. दुसरी मला धरावीच लागली.

पुढच्या ईदला त्याचा झगा त्याच मशीनवर शिवला. शिलाई घेतली नाही.